माझे दीड आटे

जबाब देणार : अक्षता सहदेव परब, वय ३१ वर्षे, व्यवसाय : नोकरी (चष्म्याचे दुकान, घाटकोपर), राहणार : नाहूर पश्चिम, मुंबई.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आई आणि थोरला भाऊ मिथुन यांच्यासोबत राहते. वडील हयात नाहीत. मिथुनने काल या ठाण्यात माझ्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला आहे. त्याच्या रेसच्या ट्रकच्या इंजिनात मी जाणूनबुजून बिघाड केला, असे त्याचे म्हणणे आहे. तो अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. मला आवडला. त्यावर माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

सदर ट्रक रिमोटवर चालणारा, साधारण अडीच वीत लांबीचा आहे. सुरुवातीलाच हवालदारसाहेब म्हणाले, "खेळण्यावरून भावंडांची भांडणं पोलिसात आणता?" मी आणलेले नाही, मिथुनने आणले. आणि ते खेळणे नाही. त्याला अंड्याएवढे खरे इंजिन आहे, ते नायट्रो घातलेले इंधन पिते आणि मैदानात स्कूटरला मागे टाकते.

इंजिनाला किती इंधन जावे हे एक बारीक स्क्रू ठरवतो. त्याला आम्ही सुई म्हणतो. सुई उघडली की इंधन जास्त, धूर जास्त आणि गाडी सुस्त. आवळली की इंधन कमी, आवाज चढा आणि गाडी सुसाट. परंतु या इंजिनाचे तेल इंधनातच मिसळलेले असते, त्यामुळे फार आवळली तर तेलही तुटते. मग इंजिन किंचाळायला लागते, लोक टाळ्या वाजवतात, आणि प्रत्यक्षात ते आतून जळत असते. बरोबर जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पाव आट्यात, म्हणजे स्क्रूच्या पाव वेढ्यात असते. हवा बदलली की तीही सरकते. ती आवाजावरून ओळखायची असते. मिथुनला ती ऐकू येत नाही. तो गाडी उत्तम चालवतो, ते मी नाकारत नाही.

गेली सहा वर्षे मी भावाच्या ट्रकचे ट्यूनिंग करत होते. त्यासाठी दुकानातला, चष्म्याच्या दांड्या बसवायचा स्क्रूड्रायव्हर वापरायचे. रेसच्या वेळी मिथुन मचाणावर रिमोट घेऊन उभा राहायचा आणि मी खाली. आवाज ठीक असला की मी अंगठा दाखवायचे. बिघडत असला की हात आडवा धरायचे, मग तो गाडी बाजूला घ्यायचा आणि मी सुई फिरवायचे. घरच्या शोकेसमधले सगळे कप असे आले आहेत. त्यांच्यावर नाव एकट्या मिथुनचे आहे. त्याचे मला कधी काही वाटले नाही. हे खरे नाही, वाटत होते, पण बोलले नव्हते.

अंधेरीला या गाड्यांच्या सामानाचे दुकान चालवणारे मुकुल दुबईच्या रेससाठी दोघांची टीम पाठवणार आहेत, एक चालवणारा आणि एक ट्यूनिंगवाला. त्यांनी मिथुनला नवे इंजिन दिले. सुरुवातीला अशा इंजिनाला पळवायचे नसते, हळूहळू मुरवायचे असते. ते मी गच्चीवर बसून मुरवले, दिवाळीच्या सुट्ट्या त्यात घालवल्या. त्यानंतर मुकुल यांनी मिथुनची मुलाखत घेऊन मोबाइलवर टाकली. त्यात त्यांनी विचारले, "ट्यूनिंग कोण करतं?" मिथुन म्हणाला, "मीच. इंजिन माझ्या कानात बसलंय. घरचं कुणी नाही यात. बहीण येते कधी कधी, पाण्याची बाटली धरायला." आणि हसला. टीममधली दुसरी जागा त्याने मित्र निलेशला देऊ केली. निलेशला सुई कुठल्या बाजूला आवळते हेही माहीत नाही.

मुलाखत मी दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना पाहिली. गिऱ्हाइकाने विचारले, काय झाले. मी त्याच्या चष्म्याचा स्क्रू आवळून दिला.

मुलाखतीनंतरच्या रविवारी सकाळी घरी, आई आणि मिथुन दोघांच्या समोर, मी सुई कंपनीच्या पुस्तकात लिहिली आहे त्या जागी नेऊन ठेवली. दीड आटा उलटा फिरवला. बाकी कशालाही हात लावला नाही. मी मिथुनला म्हणाले, "यात माझं होतं तेवढं मी काढून घेतलं. कंपनीनं दिलेलं तुझं तुला परत."

तो म्हणाला, "घे गं, घे. स्क्रूच आहे ना यार? कुणीही फिरवेल."

आई म्हणाली, "गो, भाव मा तुझो? कित्याक असा करतंस?" मुलाखत आईनेही पाहिली होती. तेव्हा ती मिथुनला काही म्हणाली नव्हती.

साहेबांनी विचारले की, असे करून इंजिन खराब होते का. होत नाही. कंपनीच्या जागेवर इंजिन धूर सोडते, रडत रडत पळते, पण मरत नाही. ते कुठल्याही जाणकाराला विचारून घ्यावे.

गेल्या रविवारी बोरिवलीच्या मैदानात दुबईच्या टीमची निवड पक्की व्हायची होती. मी बघायला गेले होते. काय बघायला, हे साहेबांनी विचारले नाही तरी सांगते. मिथुनची फजिती बघायला गेले होते. भर दुपारी मिथुनने स्वतःच्या हाताने सुई आवळायला सुरुवात केली. थोडी आवळली, आवाज चढला, निलेश म्हणाला, "झकास!" म्हणून आणखी आवळली. असे चालले होते. शेवटची फेरी ऊन उतरल्यावर होती. हवा गार झाली की सुई थोडी उघडावी लागते. त्याने उघडली नाही. दरवर्षी ती मी उघडायचे.

आम्हा रेसवाल्यांत एक रीत आहे. चांगल्या चालणाऱ्या गाडीमागे धुराची बारीक रेघ असते. ती रेघ तुटलेली ज्याला दिसेल त्याने "धूर गेला!" म्हणून ओरडायचे, मग गाडी वैऱ्याची का असेना. रेघ लांबच्या वळणावर आधी दिसते. शेवटच्या फेरीला मी तिथेच बसले होते. ती जागा मी निवडून घेतली होती. माझ्याशिवाय त्या बाजूला कुणी नव्हते.

धूर गेलेला मला दिसला. आवाज तर दुपारपासून चढत चाललेला ऐकू येत होता. मी ओरडले नाही.

मिथुनलाही काहीतरी चुकतेय असे वाटले असावे, कारण त्याने मचाणावरून मान वळवून मला शोधले. सहा वर्षांची सवय आहे. माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या, म्हणजे अंगठा की आडवा हात. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्याला नीट दिसेल अशी वर धरली.

तो बाटलीकडे बघतच राहिला. पुढच्या वळणावर इंजिन किंचाळले आणि कट्‌कन बंद पडले. गाडी धुळीत घसरत जाऊन कडेच्या पाइपाला टेकली. आतला पिस्टनचा दांडा तुटला असणार, मी उघडून पाहिलेले नाही. इंजिनाचे मला वाईट वाटले. ते मी मुरवले होते. मिथुनचे वाटले नाही.

मुकुल यांनी त्याला सगळ्यांसमोर विचारले, "ट्यूनिंग तुझं ना? मग हे काय?" त्यावर मिथुनने माझ्याकडे बोट करून सांगितले, "हिनं वाट लावली! सहा वर्षं ट्यूनिंग हीच करते, मी सुईला हातसुद्धा लावत नाही!" मुकुल म्हणाले, "असं असेल तर पोलिसात लेखी दे, नाहीतर टीममधून बाहेर." म्हणून त्याने लेखी दिले. अर्जातली तिसरी ओळ तीच आहे, खाली त्याची सही आहे आणि साक्षीदार म्हणून मुकुल यांची. सहा वर्षे मला जे म्हणवून घेता आले नाही ते त्याने एका दमात लिहून दिले.

आता आई आणि मिथुन बाहेर बाकावर बसले आहेत. मिथुन तक्रार मागे घ्यायला तयार आहे, असा आईने आत निरोप पाठवला आहे. तक्रार मागे घेण्यास माझी हरकत आहे. इंजिन मी बिघडवले नाही, मिथुनने बिघडवले, परंतु वाचवू शकत असताना मी वाचवले नाही, हे मला मान्य आहे. त्याबद्दल जी काही कारवाई असेल ती करावी. साहेबांनी विचारले, "पश्चात्ताप?" नाही, असे लिहून घ्यावे. सदर अर्जाची शिक्क्यासह एक प्रत मला मिळावी. ती घेऊन मला अंधेरीला मुकुल यांच्याकडे जायचे आहे. दुबईच्या टीममध्ये ट्यूनिंगवाल्याची जागा अजून भरलेली नाही.

माझा हा जबाब मराठीत संगणकावर घेऊन महिला पोलीस शिपाई यांच्यासमोर मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना एके ठिकाणी "भावाला मदत करत होते" असे आले. ते मी थांबवून खोडायला लावले आणि तिथे "ट्यूनिंग करत होते" असे घालून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.