चिठ्ठी काढायची राहिली

...आणि वर मलाच विचारतंय, 'ही तुम्हीच का?' आता मला सांगा, या वयात मी कोण ते एका वेबसाईटला सांगत बसू? आणि माझ्या चेहऱ्याशेजारी आणून ठेवली कोणाला, तर माझ्या धाकट्या बहिणीला! जिच्याशी माझं बोलणं नाही, जिच्या गल्लीतून मी जात नाही, जी समोरून आली तर मी वळून दुकानाची काच बघत उभी राहते, मग ते दुकान टायरचं असलं तरी चालतं. त्या बाईला चौकटीत बसवून, माझ्या खांद्याला खांदा लावून विचारतंय, 'तीच व्यक्ती?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी दाबलं 'नाही'. तर दुसरा फोटो काढून दाखवला. पुन्हा, 'तीच व्यक्ती?' नाही! तिसरा. अहो, नाही म्हणजे नाही, भाजीवालासुद्धा दोनदा विचारून गप्प बसतो... पण तुम्हाला सांगते, चिडले तरी खोटं बोलायची नाही मी. नजर मानली पाहिजे त्याची. आमच्या दोघींचं नाक एकच, आईकडून आलेलं, आणि आमच्या सख्ख्या मामाला जन्मात जे दिसलं नाही ते या यंत्राला पहिल्याच दिवशी दिसलं!

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी मधेच सुरू झाली. तर झालं काय, आमच्या नातीनं घरातले सगळे फोटो, म्हणजे भिंतीवरचे, कपाटातले, अगदी बिस्किटाच्या डब्यातलेसुद्धा, त्या वेबसाईटवर चढवले. घरातल्या सगळ्यांना, दिरांना, अगदी वरच्या मजल्यावरच्यांनाही खाती काढून दिली. आणि मला म्हणाली, 'आजी, आता यात नवीन सोय आलीय. चेहरा दिसला की नाव लिहायचं, एकदाच. मग त्या माणसाचे सगळे फोटो ते आपोआप शोधतं.' म्हटलं, शिकवू नकोस, मी बघते. मला कोणी काही शिकवलेलं नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही, कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या वाचत अक्षर शिकले. लॉण्ड्री चालवली मी, लॉण्ड्री! एका बाजूला धुणं, एका बाजूला इस्त्री, मधे गल्ला, आणि त्या सगळ्याच्या मधे मी.

आणि काय हो हुशार ते! माझ्या मुलाचा रांगतानाचा फोटो, नुसते गाल, त्यात डोळे कुठे ते आईला शोधावे लागतील, आणि ते म्हणतं, हा आणि हा ढेरपोट्या टकलू एकच! एका फोटोत मी नव्हतेच, तर त्यानं मागच्या धुलाईयंत्राच्या गोल काचेत माझी छबी पडली होती ती हुडकली आणि चौकट आखून विचारलं, ही कोण. मला भरून आलं. घरातल्या माणसांना मी समोर बसले असताना दिसत नाही, विचारतात 'आई कुठंय?' आणि हे मला काचेतून काढतंय! नजर मानली पाहिजे.

चुकतंही, नाही असं नाही. आमच्या दिरांचा एकही फोटो तोंड मिटलेला नाही. कारण ते आमच्याकडे येतात तेच मुळी पानं मांडायच्या वेळेला. तर यंत्रानं एका बाजूला दीर ठेवले, दुसऱ्या बाजूला दार उघडं असलेलं धुलाईयंत्र ठेवलं, आणि विचारलं, 'तीच व्यक्ती?' मी जरा विचार केला... आणि दाबलं 'हो'. काय चुकलं? दोघांनाही नुसतं भरत राहायचं.

आता नावं. इथं खरी गंमत, म्हणजे इथंच माती खाल्ली, पण ती कशी ते ऐका. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं नाव कोण लिहितंय? नावं सारखी असतात, माणसं सारखी नसतात. म्हणून कपडा आला की कॉलरला चिठ्ठी टाचायची आणि तिच्यावर अशी खूण लिहायची की डोळ्यांपुढे माणूसच उभा राहावा. 'कॉफी सांडतो.' 'दोनदा लग्न.' 'बटण ओढू नका, रडते.' आणि कपडा परत देताना चिठ्ठी काढून टाकायची. चिठ्ठी आतली, कपडा बाहेरचा. हा नियम. मग वेबसाईटनं विचारलं 'नाव लिहा', तर माझा हात सवयीनंच चालला. दीर... 'जेवणाची घंटा.' सून गुणी आहे, पण दिवसभर चालूच, आई गॅस बंद करा, आई दार ओढून घ्या, आई पंखा... तिला लिहिलं 'सूचनाफलक'. मुलगा मला म्हणतो हो, तिलाही म्हणतो हो. 'होहो'. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कारकून घरात पाय आपटत चालतात, आमच्या बशा हलतात. 'भूकंप'. काय सुरेख चाललं होतं! एकदा 'होहो' लिहिलं की सगळे होहो रांगेत हजर, बाळ होहो, शाळेतला होहो, नवरदेव होहो. अशी सोय माझ्या लॉण्ड्रीला मिळाली असती तर...

आणि शेवटी राहिली धाकटी. तीनतीनदा 'नाही' दाबल्यावर यंत्र बिचारं म्हणालं, बरं बाई, मग ही कोण?

काय लिहू? लहानपणी ती माझ्या मागं मागं असायची. मी पाण्याला गेले की मागं, मी रुसून बसले की शेजारी येऊन तीही रुसायची, कशासाठी ते माहीत नसताना. मी लॉण्ड्री काढली तर इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली, आणि उभीच राहिली, केस पांढरे व्हायला लागेपर्यंत. आणि मग तो कोट. मोठ्या हॉटेलचा मॅनेजर आमचं गिऱ्हाईक, सगळ्या हॉटेलच्या चादरी आमच्याकडे. या माणसाच्या डोक्यावरचे केस त्याचे नव्हते, कॉलरला डिंक लागलेला असायचा, म्हणून चिठ्ठी होती 'खोटे केस'. एके दिवशी तो कोट चिठ्ठीसकट गेला. चिठ्ठीसकट! तो गृहस्थ तोच कोट घालून मेजवानीत सगळ्यांना पाठ दाखवत फिरला. दुसऱ्या दिवशी चादरी बंद. मी म्हटलं, चिठ्ठी काढायची पाळी तुझी होती. ती म्हणाली, तुझी. मी म्हटलं, तुझी. तिनं इस्त्री खाली ठेवली, पोळी करपावी तसा कोणाचातरी सदरा करपला, आणि ती गेली. तेव्हापासून बोलणं नाही. पाळी तिचीच होती, हे आजही सांगते.

तर मी लिहिलं, 'शेपूट'. लिहून फोन उपडा ठेवला आणि भांडी घासायला गेले.

आता मला कोणी सांगितलं होतं का, की नाव लिहिलं की ही वेबसाईट त्या माणसाला निरोप पाठवते? 'तुम्हाला या नावानं ओळखलं आहे.' म्हणजे चिठ्ठी काढून टाकायची सोडून चिठ्ठीच घरपोच! संध्याकाळी दीर आले, वेळ तीच, पण बसले नाहीत. ताट समोर असून बसले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी जळालंय. फोन पुढं धरून म्हणाले, "वहिनी, माझं समजू शकतो. पण ते धुलाईयंत्र?" सून स्वयंपाकघरात एकदम गप्प. इतकी गप्प की गॅस चालू राहिला तरी सांगेना, मलाच उठून बंद करावा लागला. मुलाला म्हटलं, अरे तूतरी समजाव, तर तो 'हो' म्हणायला तोंड उघडतो आणि मिटतो, उघडतो आणि मिटतो. वरचे कारकून तर... तुम्हाला खोटं वाटेल, चवड्यांवर चालत होते! आयुष्यात पहिल्यांदा बशा शांत. एवढं सगळं माझ्या एका बोटानं केलं. सोय मानली पाहिजे हो, नजर तर मानलीच पाहिजे.

आणि मग लक्षात आलं. सगळ्यांना गेलं म्हणजे... मी नातीला हळूच विचारलं, धाकटीचं खातं नाहीय ना गं? नात छताकडे बघायला लागली.

"मीच काढून दिलं," म्हणाली. "मावशीआजी रोज बघते, आजी. रोज सकाळी."

रोज! म्हणजे मी टायरच्या दुकानाची काच बघत होते तेव्हा ती माझे फोटो बघत होती. बघत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती, नाक तेच ना! आणि इतक्या वर्षांनी तिला माझा पहिला शब्द गेला तो कोणता? खुशाली नाही, ये नाही, बस नाही. शेपूट!

मुलाला तेव्हा नेमका कंठ फुटला. "काढून टाक, आई. अजून वाचलं नसेल. एक बटण दाबलं की नाव जातं."

बटण समोर होतं. बोट वर होतं. आख्खं घर माझ्या बोटाकडे बघतंय, दीरसुद्धा, आणि तोपर्यंत ते जेवायला बसले होते. आणि माझ्या मनात आलं, काढलं तर काढलं, मग राहतं काय? पुन्हा काच आणि टायर. वाईट का होईना, शब्द गेलाय. जिला मी जन्मभर 'चिठ्ठी काढली नाहीस' म्हणून बोल लावला, तिच्याच कॉलरची चिठ्ठी आता मी घाबरून काढू? नाही काढली. म्हटलं, वाचू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळ गेली. काही नाही. मी फोन धुणं वाळत घालताना बरोबर नेला, पोळ्या लाटताना डब्याला टेकवून ठेवला. काही नाही. सुनेनं विचारलं, "आई, फोनला चार्जिंग आहे ना?" फलक पुन्हा सुरू झाला होता, तेवढाच धीर. आणि दुपारी फोन वाजला. 'तुम्हाला एका फोटोत ओळखलं आहे.' उघडला. मी इस्त्रीच्या टेबलाशी, तरणीताठी, कोणावर तरी डाफरत असलेली, आणि माझ्या चेहऱ्याभोवती चौकट. खाली नाव, 'कडक इस्त्री'.

सून पदराआड... नाही, सरळ तोंडावर हसली. हसू दे.

मग मीही काही बांगड्या भरलेल्या नाहीत. चौकट आपल्या हातानं कुठंही आखता येते, ही आणखी एक सोय, ती मी माझी मी शोधून काढली. आम्हा दोघींचा गल्ल्यापुढचा फोटो होता, मागं दांडीवर कोट टांगलेले. त्यातल्या एका कोटाला चौकट घातली आणि लिहिलं, 'खोटे केस'. लगेच खाली उत्तर, "पाळी तुझी होती." मी लिहिलं, "तुझी." ती, "तुझी." मी, "तुझी." नात म्हणाली, आजी, सगळे वाचतायत. म्हटलं, वाचू देत, साक्षीदार हवेच होते! दिरांनी एक हसरं तोंड टाकलं, उघडंच. मी पुन्हा, "तुझी." आणि मग... काही नाही. पलीकडून एकदम काही नाही. मी वाट बघितली. चष्मा पुसून बघितलं. म्हटलं संपलं, ताणलं जास्त, तुटलं. माझी जीभच तशी, आता बोटंही तशीच झाली.

तेवढ्यात दार वाजलं.

धाकटी. दम लागलेला, दोन पायांत दोन निरनिराळ्या चपला.

"टाइप करायला वेळ लागतो," म्हणाली. "पाळी तुझी होती, ताई."

मी तिच्या चपलांकडे बघितलं. म्हटलं, "आत येऊन भांड. वारा येतोय."

आली. बसली ती सरळ माझ्या खुर्चीवर बसली. भांडलो, चहा झाला, पुन्हा भांडलो, तिनं माझ्या घरातल्या पडद्याच्या इस्त्रीला नावं ठेवली, आणि निर्णय काही लागला नाही, लागूही नये, लागला तर उद्या ती कशाला येईल? नातीनं दोघींचा एक फोटो काढला आणि चढवला. आणि यंत्रानं, त्या गुणी, त्या हट्टी यंत्रानं, दोन चौकटी आखून मला पुन्हा विचारलं, 'तीच व्यक्ती?'

मी 'नाही'वर बोट नेलं. धाकटी म्हणाली, "राहू दे गं, उद्या परत विचारील." बरं, म्हटलं. दाबलं 'हो'.

आता काय झालंय, 'कडक इस्त्री' म्हणून शोधलं की आम्ही दोघीही निघतो, एकाच रांगेत, मधेमधे, काचेतल्या माझ्या छबीपायी, दिरांचं धुलाईयंत्र. नात सांगते, जी सगळ्यात बरी दिसते तिचा चेहरा ही वेबसाईट नावापुढं आपोआप लावते. लावलाय. धाकटीचा लावलाय. तक्रार कुठं करू? नजर मानली पाहिजे.