बाराव्याचा डबा

पेण स्टँडवर रोह्याची गाडी अजून लागली नव्हती. धाटावला शिफ्टवर निघालेल्या प्रतिक्षाच्या बाकावर गडबच्या दोघी मायलेकी येऊन टेकल्या. मुलीच्या बापाला सकाळीच दवाखान्यात भरती केलं होतं. प्रतिक्षाने मोबाइल खाली ठेवला.

"आये, घरी गेल्याबरोबर डबा फोडू."

"कुठला गो?"

"पैशांचा. डॉक्टर पैशांसाठी थांबलाय ना."

"चार डबे हायेत. बापूस मिठागरावरनं पगार आणायचा, तो आधी डब्यांत पडायचा, मंग माझ्या हातावर. छपराचे पैशे छपराला, हप्त्याचे हप्त्याला. एकातलं दुसऱ्यात घालायचं नाय."

"मंग औषधाचा फोडू."

"रिकामा हाय तो."

"मंग भरलेला कुठला हाय?"

"बाराव्याचा."

"कोणाच्या बाराव्याचा?"

"त्याच्याच. आजोबांच्या बाराव्याचं कर्ज फेडताना त्याची जवानी गेली. माझ्या बाराव्याचं पोरांवर नको, म्हणायचा."

"आन औषधाचे पैशे कुठं गेले?"

"गोळ्या घेतल्या का, मी रोज इचारायचे. घेतल्या म्हणायचा."

"आये, पैशे कुठं गेले?"

"परवा डबे पुसायला घेतले. औषधाचा हलवला, वाजला नाय. मंग बाराव्याचा हलवला."

"तो वाजला?"

"तो पण नाय वाजला. गच्च भरलाय."