जोडीतलं एक इंजिन

हार्लन: हे उजवीकडचं घेऊ. निळा रंग बघ कसा टिकलाय. याला हात लावायचंसुद्धा काम नाही. उचलायचं आणि गाडीत घालायचं.

ट्रूडी: बाबा, रंग बघून इंजिन घेतोस होय? मी असं म्हटलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस.

हार्लन: जो रंग जपतो तो आतलंही जपतो. गुनार, ही ज्या बोटीतली, ती तुझ्या भावाची ना?

गुनार: अर्नेची. बोटीचा आता सांगाडा राहिलाय, बाहेर गवतात पडलाय. इंजिनं तेवढी मी आत आणून ठेवली. दर थंडीत त्यांच्यातलं पाणी काढून ठेवायचा अर्ने, गोठून फुटू नयेत म्हणून. ब्लॉकला चीर सापडली तर दोन्ही फुकट ने.

हार्लन: शिवाय तळ्याचं गोडं पाणी. आतून सडलेलं नसणार. दोन्ही चारशे चोपन्न घनइंचांची?

गुनार: दोन्ही. एकाच दिवशी बसवलेली, जुळी भावंडंच म्हण. हवं ते एक घे. उरलेलं न्यायला संध्याकाळी ट्रक येतोय, तेव्हा उद्या परत येऊन बदलून मागू नकोस. आणि पोरी, तू केक घे. रुबार्बचा आहे, बायकोनं सकाळीच केलाय.

ट्रूडी: हात बरबटलेत, काका. नंतर घेते.

गुनार: एवढं मोठं इंजिन घालणार तरी कशात?

हार्लन: माझ्या शेव्हेल गाडीत. अडुसष्ट सालच्या.

गुनार: ती लाल? जिनं मला अख्ख्या काउंटीसमोर धूळ चारली होती?

हार्लन: तीच. या पोरीच्या जन्माच्या वर्षी गाडीचं इंजिन फुटलं. तेव्हापासून कोठारात उभी आहे.

ट्रूडी: त्या गाडीत बसून तोंडानं घर्रघर्र करत मी लहानाची मोठी झाले. खरा आवाज अजून ऐकलेला नाही.

गुनार: मग इतकी वर्षं झोपला होतात आणि आता एकदम घाई?

ट्रूडी: शर्यतीची स्ट्रिप बंद होतेय ना, काका. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला शेवटच्या शर्यती, मग तिथं गोदामं उठणार.

हार्लन: हिची आई तिथं तिकीट खिडकीत बसायची. मी शर्यतीला कमी आणि खिडकीशीच जास्त जायचो. ते सगळं मोडायच्या आधी गाडी एकदा त्या पट्ट्यावरून गेली पाहिजे, बस. दुसरं इंजिन शोधत बसायला आता वेळ नाही. आज नेऊ ते चाललं पाहिजे.

ट्रूडी: आणि चालवणार मी.

हार्लन: ते बोलून झालंय. मी आहे तोवर त्या सीटवर दुसरं कुणी बसणार नाही.

ट्रूडी: गुडघा बदललाय तुझा. नुसता ट्रकचा क्लच दाबताना तोंड वाकडं करतोस.

हार्लन: ते माझं तोंड तसंच आहे. गुनार, क्रेन इकडे घे. निळं उचलू.

ट्रूडी: जरा थांबा. काका, बोटीला पाण्यात फिरणारे दोन पंखे होते ना? एकेका इंजिनाला एकेक?

गुनार: हो.

ट्रूडी: दोन्ही पंखे एकाच बाजूला फिरले तर बोट एका अंगाला ओढत राहील.

गुनार: अगं, अर्ने म्हणायचा खरं काहीतरी. जोडीतलं एक उलटं फिरतं म्हणायचा. मला वाटायचं, बिअर बोलतेय.

हार्लन: पंखा उलटा फिरतो, इंजिन नव्हे. मधला गिअरबॉक्स तेवढा वेगळा असतो.

ट्रूडी: काही बोटींत तसं असतं. जुन्यांत इंजिनच उलटं बनवलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

हार्लन: असेलही. पण निळं सरळच असणार.

ट्रूडी: कशावरून?

हार्लन: दिसतंय की.

गुनार: निळं आहे म्हणून सरळ. हार्लन, तू अजिबात बदलला नाहीस.

ट्रूडी: वरचं झाकण काढू, म्हणजे कळेल. एका सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह बघायचे, एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. मी समोरून घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवते. धुराचा मिटता मिटता लगेच हवेचा उघडला, तर इंजिन सरळ. आधी हवेचा आणि त्याच्या पाठोपाठ धुराचा, तर उलटं. बघायचं तू. मी बघितलं तर तुला पटायचं नाही.

(ट्रूडी लांब पान्यानं निळं इंजिन हळूहळू फिरवते. हार्लन टॉर्च धरून वाकलाय.)

हार्लन: काय गुळगुळीत फिरतंय. लोण्यासारखं. मी म्हटलं नव्हतं?

ट्रूडी: व्हॉल्व्हचं बोल.

हार्लन: हवेचा उघडतोय. पुरा उघडला. आता मिटतोय. मिटता मिटता... फिरव अजून.

ट्रूडी: फिरवतेय. काय दिसतंय?

हार्लन: तू उलट्या बाजूनं फिरवतेयस.

ट्रूडी: घड्याळासारखं. तूच शिकवलंस, मी स्टुलावर उभी राहायचे तेव्हा.

हार्लन: पुन्हा एकदा फिरव.

ट्रूडी: घे.

हार्लन: हवेचा. आणि त्याच्या पाठोपाठ धुराचा.

गुनार: म्हणजे हे घातलं असतं तर?

ट्रूडी: पहिला गिअर टाकला की गाडी मागं.

गुनार: आणि हार्लन थेट तिकीट खिडकीत.

हार्लन: हस तू. मी हे उचलून नेलं असतं, गुनार. बसवलं असतं, वर दोघांनी बिअर प्यायली असती. आणि लेबर डे गेला असता. ते दुसरं बघू आता, तो मळका गोळा.

ट्रूडी: तोंडात उंदरानं बिऱ्हाड केलंय.

हार्लन: काढ त्याला. पाना लाव.

ट्रूडी: हलत नाहीये.

हार्लन: काय म्हणतेस?

ट्रूडी: जागचं हलत नाही, बाबा. धरलंय.

गुनार: अर्ने गेल्यापासून कुणी फिरवलंच नाही त्याला.

हार्लन: मी धरतो पाना. मोठा पाइप आण, जोर लावू.

ट्रूडी: जोर नको. आत काहीतरी मोडेल आणि मग हेही जाईल. प्लग काढते. प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडू आणि गप्प बसू. काका, आता द्या तो केक.

गुनार: ही खरी शहाणी. हार्लन, तू पण घे.

हार्लन: मला नको. हे फिरल्याशिवाय मी काही खाणार नाही.

गुनार: शर्यतीच्या आधीही असाच पांढरा पडायचास. पोरी, याला कधी विचार, माझ्याशी शर्यत होती त्या दिवशी गाडीमागं जाऊन काय केलं ते.

हार्लन: झालं का तेल मुरून?

ट्रूडी: बस जरा.

हार्लन: आता?

ट्रूडी: बरं बाबा, ये. टॉर्च धर. मी नुसता मागं-पुढं हिसका देते, हलकाच.

हार्लन: हललं. ट्रूडी, हललं ते. मी बघितलं, नखाएवढं हललं.

ट्रूडी: हो, सुटतंय. सुटलं. आता सरळ फिरवते. बोल.

हार्लन: धुराचा उघडला. पुरा उघडला. मिटतोय आता, मिटतोय... आणि हवेचा. आला बघ हवेचा, धुराचा पुरता मिटायच्या आत. ये, तू पण बघ. गुनार, तूही ये.

गुनार: मला यातलं काय कळतंय. पण तुझं तोंड बघूनच कळलं.

ट्रूडी: आणखी दोन सिलिंडर बघू. मग क्रेन.

हार्लन: बघ. तू म्हणशील ते सगळं बघू. निळ्याकडे आता माझी नजरसुद्धा जाणार नाही.

गुनार: मग, घर गाठल्या गाठल्या कामाला लागणार?

हार्लन: इंजिनाला उद्या हात लावू. आज आधी शेव्हेलची सीट.

ट्रूडी: सीटचं काय?

हार्लन: खालचा रूळ गंजून बसलाय. तू आणलेलं पातळ तेल उरलं असेल तर तेच घालू. इतक्या वर्षांत कधी सरकवली नाही ती.

ट्रूडी: मग आता कशाला सरकवायची?

हार्लन: मागं आहे फार. तुझे पाय क्लचला पोचायचे नाहीत.