हरणाबाईचा वरवंटा

साल सेहेचाळीस. रहिमतपुरात मोटारीची वाट बघत माझ्या पुढं दोघी बायका उभ्या होत्या.

“हरणे, तुज्या मालकांची फटफटी सुरू झाली म्हनं?”

“व्हय. एक इस्क्रू गंजून बसलावता. फिरवून फिरवून ह्यांनी त्याची खाचच घालवली.”

“मग?”

“म्या घासलेट सोडलं, कडंला छिन्नी तिरकी धरली आन् वरवंट्यानं ठोकली. सुटला की!”

“मालक काय म्हनालं?”

“लगीन झाल्यापास्नं मला नुसतं ‘अगं ए’ म्हनत्यात. त्या दिशी भर आळीत वरडलं, ‘हरणा! आगं हरणा, सुटला!’”

“नावानं? आगं बया! मग तू काय केलंस?”

“ओच दिली न्हाई. म्हनलं, आनखी एकदा ऐकू दे आळीला.”