हवेत गेलेलं पूर्ण वाक्य

दि. १६/०४/२०२५, दुपारी १२.४०

नाव कडुबा सांडू गायके, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी (सामुदायिक रेडिओ केंद्रावर यंत्रदुरुस्ती), रा. जेलच्या मागे, हर्सूल, छत्रपती संभाजीनगर.

मी स्वतः होऊन ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, क्रांती चौकाजवळच्या आमच्या केंद्रातून प्रसारण तपासायचं मशीन चोरीला गेल्याची तक्रार मॅनेजर अतुल काळवणे यांनी काल दिली. शनिवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ या दरम्यान ते गेलं, असं त्यात आहे. संशयित म्हणून निवेदिका रत्नमाला साळवे, वय २६, हिचं नाव आहे. तिच्यावर अफवा पसरवल्याचा एक गुन्हा आधीच दाखल आहे. दोन्हीबद्दल मला ठाऊक आहे ते सांगतो.

आधी मशीन काय ते लिहून घ्यावं, कारण तक्रारीत त्याला "जुना रेडिओ" म्हटलंय. ते रेडिओ नाय. स्टुडिओतला कॉम्प्युटर माइकवर बोललेलं रेकॉर्ड करतो, त्यात मागून कापाकापी करता येते. हे मशीन गच्चीवरच्या अँटेनातून, लोकांच्या घरी ऐकू येतं तेच हवेतून पकडतं आणि तारीख-वेळ टाकून नव्वद दिवस जपून ठेवतं. प्रसारण बंद पडलं की बोंबलतं. तीन वर्षं मीच ते सांभाळतो. बाकीच्यांनी त्यावरची धूळसुद्धा कधी पुसली नाही.

दि. ८ रोजी सकाळी ११.१० वाजता रत्नमाला माइकवर होती. मी मशीनला हेडफोन लावून बसलो होतो. ती बोलली ते असं: "देवगाव रंगारीच्या विहिरीत औषध पडलंय, पाणी पिऊ नका, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, ती अफवा आहे." दुपारी दोनपर्यंत तिचाच आवाज सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता, पण "पिऊ नका" इथपर्यंतच. आपल्या मराठीत "असं" मागून येतं. त्याच्या अलीकडं कापलं की अफवा खोडणारा माणूसच अफवेचा धनी होतो. गावात लोकांनी भरलेले हंडे ओतून दिले. दुसऱ्या दिवशी रत्नमालावर गुन्हा.

तुकडा कोणी कापला ते मी पाहिलं नाही, म्हणून सांगत नाही. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड अतुल सरांकडे असतो. त्या संध्याकाळी गावात जे टँकर पोचले ते त्यांच्या मेहुण्याचे. कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणावं.

शनिवारी दि. १२ रोजी सर स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "कडुबा मामा, ह्याच्यात किती दिवसांचं राहतं हो?" मी सांगितलं, नव्वद. "आन पुसायचं असलं तर?" मी म्हणालो, "पुसता येत नाय, सर." हे मी खोटं बोललो. पुसायला एक मिनिट लागतं. ते हसले आणि म्हणाले, "मंगळवारी नवीन मशीन बसवून घेऊ. हे देऊन टाकू भंगारात." चहा मी पिलो नाही.

रत्नमालाकडे केंद्राची किल्ली आहे हे खरं. पण रविवारी मशीन गेलं तेव्हा ती घरी होती. सोमवारी १४ एप्रिलच्या जयंतीलासुद्धा बाहेर पडली नाही. दर साली चौकातल्या कार्यक्रमात तीच निवेदन करते. मी घरी गेलो तर तिच्या आईनं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "दादा, ती कुणासंगं बोलत नाय. फोन वाजला तरी दचकती." मला लई वाईट वाटलं. पोरीचं पोटच बोलण्यावर आहे.

मशीन रविवारीच गेलं हे मला कसं ठाऊक, असं जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, ते मीच नेलं. किल्ली माझ्याकडेही आहे. दुपारी साडेतीन वाजता मशीन काढलं, चादरीत गुंडाळलं आणि रिक्षानं हर्सूलला आणलं. कोणाला विचारलं नाही. माझी बायको वच्छलाबाई म्हणाली, "आता ह्या वयात चोऱ्या करता व्हय?" मी तिला ते वाक्य ऐकवलं. मग तिनंच मशीन ज्वारीच्या कोठीत ठेवलं. लगेच इथं का आलो नाही, तर ठाण्याचाही मला भरवसा नव्हता. हेही लिहून घ्यावं. काल चोरीत पोरीचं नाव आल्यावर मात्र गप्प बसवेना.

मशीन सोबत आणलं आहे. बाहेर बाकावर वच्छलाबाई ते मांडीवर घेऊन बसली आहे. पावती मिळाल्याशिवाय ती ते सोडणार नाही, माझ्या सांगण्यानंसुद्धा नाही. चोरीतून रत्नमालाचं नाव काढावं आणि माझं घालावं. मात्र त्याआधी दि. ८ चं ११.१० चं रेकॉर्डिंग पंचांसमोर लावावं, आणि "पिऊ नका" आल्यावर कोणी बटण दाबू नये.

माझा वरील जबाब मॅडमनी मला वाचून दाखवला. मी तो शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे, म्हणून खाली सही करतो.

(कडुबा सांडू गायके)