प्रवासास योग्य

...आणि माणसानं मूर्ख असावं, पण माझ्याइतकं? नाही, आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तुम्ही मधेच "हे तुमच्यामुळेच झालं की हो" म्हणायला नको. त्या व्यापारीदादांचे तीन दात पडले ना, ते पाडले दुसऱ्यांनी, पण त्यांची सोय केली मी! मी, गुरांची सरकारी डॉक्टर, बावीस वर्षं नोकरी, आणि तोंडातून वाक्य काय काढलं? तर, "जा हो दादा, कोण बघतंय शिक्का!"

आता झालं काय, बाजारातून गुरं गाडीनं न्यायची तर माझा दाखला लागतो. जनावर आजारी नाही, गाडीत सहाच्या वर नाहीत, पायाखाली भुसा आहे, प्यायला पाणी आहे. कायदाच आहे तसा, आणि चांगला कायदा आहे, त्याच्यापायी मी रोज शिव्या खाते. दादांनी आणल्या सात गाई. दुभत्या, दुधाच्या गोठ्यावर निघालेल्या. मी म्हटलं, सहा. तर म्हणतात, "बाई, सातवी बारीक आहे हो." मी म्हटलं, "कॉलेजात मीही बारीक होते, म्हणून हजेरीत मला कुणी वगळलं नाही!" कुरकुरत का होईना, उतरवली त्यांनी सातवी. माणूस कायदा पाळतोय, बघा! मग मी एकेकीच्या कानातला बिल्ला वाचला, नंबर लिहिला, ऐटीत सही ठोकली... आणि शिक्क्याची शाई वाळलेली. आदल्या दिवशी डबीचं झाकण लावायला विसरले होते. फुंकर मारली, पाणी शिंपडलं, शिक्का दाबून दाबून मनगट दुखलं, कागदावर उमटेल तर शपथ! दादा उभेच. "बाई, शिक्का?" मला चहा प्यायचा होता हो! म्हटलं, "सही आहे ना? कोण बघतंय शिक्का!"

दोन तासांनी फोन. दादाच. गावाबाहेरच्या वजनकाट्याजवळ अडवलंय म्हणाले, आणि मग इतकंच, "बाई... शिक्का बघतायत."

आणि मग धप्प! पोतं पडावं तसा आवाज. मग आणखी एक. फोन चालूच, आणि माझ्या कानात लाथा बसतायत... लाथेचा आवाज फोनवर कसा येतो माहीत आहे? मलाही माहीत नव्हतं.

पोलिसांना कळवलं, औषधाची पेटी आणि तो मेला शिक्का डबीसकट पिशवीत कोंबला, आणि स्कूटर अशी हाणली, अशी हाणली की समोरचे लोकच बाजूला झाले. वजनकाट्याजवळ गाडी आडवी, पंधरा-वीस जण, आणि मधे दादा रस्त्यावर पडलेले, दोन्ही हातांनी डोकं झाकून. एक जण बरगड्यांत लाथा घालतोय, दुसरा दादांचीच काठी दादांवर मोडतोय, तिसरा शूटिंग करतोय! आणि म्होरक्या कोण? गाय बचाव संघटनेचे अध्यक्ष. एरवी व्यायामशाळा चालवतात. दंड हे असे, आवाज त्याहून जाड. "बाई, बाजूला व्हा! हा कत्तलखान्याला चाललाय!"

"अहो, सकाळी मी तपासल्यात! दुभत्या आहेत, आचळं बघा त्यांची!"

"आम्हाला आचळं शिकवू नका!"

"शिकवत नाही हो, नुसती बघा म्हणते!"

"शिक्का कुठाय कागदावर? शिक्का?"

घ्या! कोण बघतंय शिक्का!

मी दादांच्या अंगावर आडवी पडले, तर कुणाचं तरी कोपर माझ्या डोळ्यावर बसलं. चष्म्याचे दोन तुकडे. खाली दादांचं रक्त माझ्या बाहीला लागतंय, वर गाई हंबरतायत, गाडी गदागदा हलतेय, आणि एवढ्या गायप्रेमी माणसांत गाईकडे बघणारा एकही नाही! तेवढ्यात मला सुचलं, पेटीत जखमेवर लावायचं जांभळं औषध आहे. ते शाईच्या डबीत ओतलं, तर काय झकास भिजली! हे सकाळी सुचलं असतं तर? चहा, दुसरं काय!

शिक्का डबीत दाबला, हात अध्यक्षांच्या मुठीतल्या कागदाकडे नेला, आणि अध्यक्षांनी माझी वेणी धरली. धरली म्हणजे ओढलीच, मान मागं! आता तुम्हाला सांगते, बैल अंगावर आला की आम्ही विचार करत नाही, दोन बोटं नाकपुड्यांत घालून मधला पडदा चिमटीत धरतो. डावा हात आपोआप गेला. अध्यक्ष "आऽऽई" करून गुडघ्यावर! आणि उजवा हात... तो शिक्का घेऊन निघालाच होता हो, थांबेना. फाडकन कपाळावर! ठसठशीत, एक अक्षर पुसट नाही. "तपासले. प्रवासास योग्य."

बाकीचे थिजले. नाकातून रक्त, कपाळ जांभळं, आणि शूटिंग चालू!

तेवढ्यात फौजदार आले. त्यांनी अध्यक्षांचं कपाळ शांतपणे वाचलं आणि हवालदाराला म्हणाले, "मग बसवा ह्यांना गाडीत."

"साहेब, कायदा आमच्या बाजूचा आहे!"

"कायदा गाईच्या बाजूचा आहे. संशय आला तर मला फोन करायचा. गाडी अडवायला तुम्हाला कुणी सांगितलं? आणि माणसाचे दात पाडायला?"

मग त्यांनी सहाही बिल्ले स्वतः कागदाशी ताडून बघितले, तेही बरोबरच, आणि कागद माझ्यापुढं धरला. मी शिक्का मारला. चष्म्याविना तो वाकडाच उमटला. कपाळावरचा जास्त सरळ होता.

रुग्णवाहिका आली, पण दादा काही चढेनात. गाडीच्या पायरीवर बसलेले, सदरा लाल, एक हात लोंबतोय, एक डोळा मिटलेला. माझा बांध फुटला. म्हटलं, "दादा, गाई तुमच्या, कागद पक्का, कुणी हात लावणार नाही. सगळं माझ्यामुळं झालं हो... हवं तर शिव्या द्या. सांगा, मी काय करू?"

दादांनी तोंडातून तिसरा दात हातावर काढला, उलटसुलट बघितला, खिशात टाकला.

"सकाळच्या धारेची वेळ टळलीय बाई. बादली सीटमागं आहे. रडायचं ते धार काढता काढता रडा."