नकाशात नसलेली विहीर

सरकारी दवाखान्यात लसीची वाट बघत माझं बाळ मांडीवर झोपलं होतं. पुढच्या बाकावर नात घेतलेली एक आजी आणि नव्या वसाहतीचा नकाशा करणारी गरोदर इंजिनिअर बोलत होत्या.

“उद्या नातीला सव्वा महिना होतोय. सून विहीर पुजणार. ओढ्याकाठची, तुमच्या बिल्डिंगांच्या खालची.”

“मला ओळखलंत?”

“मोजणीला आलतीस तवा तिचंच पाणी दिलं की तुला.”

“ते विहिरीचं होतं?”

“मग काय बाटलीतलं? बरं, बिल्डिंगांचं पावसाचं पाणी कुठं सोडणार?”

“ओढ्यात.”

“गाड्यांचं तेल, रस्त्याची घाण घिऊन? आमच्या विहिरीत झिरपंल की गं.”

“नकाशात विहीरच नाही, आजी. मी दाखवलीच नाही.”

“पाणी पिलीस आन् विहीर बघितली न्हाईस?”

“चुकलं माझं. गटार विहिरीच्या खालच्या अंगाला न्यायला हवं, आधी गाळ बसायला टाकी. साहेब सहजी ऐकणार नाहीत.”

“भांडशील?”

“एकटीनं... बघते.”

“माहेर कुठलं तुझं?”

“दौंड. पण आई नाही.”

“मग तुझं बाळ घिऊन आमच्याच विहिरीवर ये, पुजायला.”

“येईन. आधी उद्या येते, टेप घेऊन. नकाशात विहीर काढल्याशिवाय सही करणार नाही.”

“ये. बूट तेवढे लांब काढ, आन् जेवूनच जा.”